अळणी काळीज

शिवशरणअप्पांच्या किराणा दुकानात काय येतं आणि काय जातं हे सगळं आपल्याला ठाऊक असतं, असा अप्पांचा एक जुना गैरसमज होता. ठाऊक असायचं ते त्यांच्या बायकोला, महादेवीला. अप्पा कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून गल्ल्यावर बसत आणि चौसाळ्याच्या हायवेवरून बीडकडे पळणाऱ्या गाड्या बघत. महादेवी मागच्या खोलीत डाळ निवडत बसे आणि तिथूनच कोणाच्या पोराने गोळ्यांच्या बरणीत हात घातला, कोणत्या पोत्याला उंदराने भोक पाडलं, हे तिला बिनचूक कळे. असं असताना तिच्या पोटच्या पोराला, रवीला, आपण आईपासून स्टीलचा एक डबा लपवू शकतो असं कशावरून वाटलं, हे त्याचं त्यालाच माहीत. पुण्याला जाऊन पोरं शिकतात खरी, पण घरच्या बाबतीत जरा बावळट होऊनच परत येतात.

डबा होता फ्रीजमध्ये. सत्त्याण्णव सालचा एप्रिल चालू होता. गोटीसोड्याचे दिवस सरले होते, रंगीत थंड पेयांच्या बाटल्या चौसाळ्यापर्यंत येऊन पोचल्या होत्या, आणि त्या गार ठेवायला कंपनीनेच एक लालभडक फ्रीज अप्पांच्या दुकानात आणून उभा केला होता. यात दुसरं काही ठेवायचं नाही, अशी कंपनीच्या माणसाने ताकीद दिली होती. महादेवी त्यात दही ठेवी, कोथिंबीर ठेवी, एकदा तर अप्पांचं डोळ्यांत घालायचं औषधही तिने ठेवलं होतं. कंपनीचा माणूस आला की हे सगळं तिच्या पदराआड निघून जाई. म्हणजे फ्रीजमध्ये वस्तू लपवण्याची विद्या त्या घरात मुळात तिची. शनिवारी सकाळी दह्याचं भांडं काढताना शेवटच्या रांगेत, बाटल्यांच्या मागे, तो अनोळखी डबा तिला दिसला. तिने झाकण उचललं, आत बघितलं आणि झाकण तसंच लावून टाकलं.

आत बोकडाचं हृदय होतं.

तिने उभ्या जन्मात असली वस्तू पाहिली नव्हती, पण ओळखायला वेळ लागला नाही. आता हे घर लिंगायताचं, त्यातही अप्पांचं. रवीने लहानपणी रस्त्यावरचं अंड्याचं टरफल उचललं म्हणून त्याला डोक्यावरून अंघोळ घालून मगच उंबऱ्याच्या आत घेतलं होतं. त्या घरात, दुकानाच्या फ्रीजमध्ये, अप्पांच्या पाठीमागे हातभर अंतरावर हे. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. महादेवीने पदर तोंडात कोंबला आणि हसू आवरेना म्हणून ती साखरेच्या पोत्यावर बसली.

कारण हे कशासाठी आणलंय ते तिला ठाऊक होतं. सगळ्याचं मूळ तीच होती.

गेली दोन वर्षं तिचं काळीज मधूनच घोड्यासारखं उधळे. काही निमित्त लागत नसे. साखर जोखताना, पोथी वाचताना, एकाएकी धडधड सुरू व्हायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग थंड पाणी तोंडावर मारून, श्वास कोंडून ती बसून राही, आणि केव्हातरी ते आपोआप थांबे. बीडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयात विजेची एक जादा आडवाट आहे, वीज तिथून गोल गोल फिरते. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी, कॅथेटर, वर हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाने ती आडवाट चटका देऊन बुजवायची. दोन दिवसांत घरी. पुण्यातच इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घेणारा रवी शेजारी बसून माना डोलवत होता.

महादेवी मात्र मनातून घाबरली होती. पण भ्याले असं म्हणेल ती महादेवी कसली. दारात आलेल्या फिरत्या विक्रेत्याला वाटेला लावायचं असलं की ती एखादा आडवा प्रश्न विचारी. तसाच तिने तिथे विचारला. आत सगळा अंधार. तुमची तार काळजाला टेकलीय का नुसतीच रक्तात तरंगतीय, हे तुम्हाला बाहेरून कसं कळतं? डॉक्टर हसले, म्हणाले, पडद्यावर सावली दिसते, शिवाय हाताला सवय असते. म्हणजे अंदाजानं, असं म्हणून ती उठली. टेकल्याचं नक्की कळायची सोय करा, मग येते, हे तिने तिथे सांगितलं, घरी सांगितलं, पाहुण्यारावळ्यांत सांगितलं. सोय होणार नाही याची तिला खात्री होती.

पण तो प्रश्न डॉक्टरांच्या डोक्यातून गेला नाही. बाहेरच्या देशांत यावर काम चालू होतंच. विजेला होणारा अडथळा मोजून टेकल्याचं ओळखायचं, अशी ती युक्ती. आपल्याकडे स्वस्तात बनवता येईल का, असं त्यांनी रवीलाच विचारलं, आणि रवीने तोच आपल्या परीक्षेचा प्रकल्प घेतला. थोडक्यात, आईने सुटकेसाठी काढलेली पळवाट लेकाने मनावर घेतली होती आणि तो ती एकेक वीट रचून बुजवत आणत होता.

शुक्रवारी त्याने तिला यंत्र दाखवलं होतं. पातेल्यात मिठाचं पाणी, तळाशी पत्र्याचा तुकडा, पाण्यात कच्च्या पपईची मोठी फोड, आणि टोकाला धातूचा मणी असलेली एक लवचीक तार. तार आणि पत्रा दोन्ही एका डब्याला जोडलेले, डब्यावर काटा आणि एक बझर. रक्त खारट असतं म्हणून मिठाचं पाणी, असं त्याने समजावलं. खारट पाण्यातून वीज सहज जाते, अळणी फोडीतून ती अडखळत जाते. मणी पाण्यात असला की काटा खाली, फोडीला टेकला की काटा वर आणि बझर वाजतो. पाणी खारट, फोड अळणी, एवढ्या फरकावर सगळं उभं आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. महादेवीने त्याला डोळे मिटून करायला लावलं, फोड हलवून करायला लावलं, आणि दर खेपेला बझर वाजला. तिला मजाही वाटली आणि धास्तीही. पपईवर भागेल का, असं तिने विचारलं तेव्हा रवीने आढ्याकडे बघत हो म्हटलं. त्याला खोटं बोलता येत नसे. तो बापावर गेला होता.

भागणार नव्हतं. डॉक्टरांना मांसावरचे आकडे हवे होते, आणि मंगळवारच्या सकाळच्या गाडीने रवी परत जाणार होता. म्हणून त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताने, साजिदने, आपल्या आईकडून मांस धुवून घेऊन हा डबा आणून दिलेला. साजिदचं हायवेलगत टेप आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याचं घर महादेवीच्या परसाच्या भिंतीपलीकडे. डब्याचा मुहूर्तही उघड होता. सोमवारी अप्पा कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जायचे होते.

महादेवीने ठरवलं, काही बोलायचं नाही. मात्र आपली पळवाट बुजवणाऱ्याला फुकटात सोडायचं असंही तिने ठरवलं नव्हतं. दुपारी ती सहज म्हणाली की आज फ्रीज धुवून काढावा म्हणते. रवी ताटावरून उठला आणि म्हणाला, मी धुतो. जन्मात त्याने स्वतःचा तांब्या विसळला नव्हता. संध्याकाळी मठाचे स्वामी दुकानात टेकले, तेव्हा तिने आतूनच हाक मारून लेकाला सांगितलं, स्वामींना गार बाटली दे, आणि पुढची नको, सगळ्यात मागची काढ, ती जास्त गार असते. रवीचा हात फ्रीजमध्ये इतका वेळ घुटमळला की स्वामींनी विचारलं, बाळ, काही हरवलं का? त्याच वेळी नेमका आलेला साजिद पायांकडे बघत उभा राहिला. त्या रात्री दोघांपैकी कुणालाही नीट झोप लागली नसणार, या विचाराने महादेवीला छान झोप लागली.

रविवारी मात्र गंमत अंगाशी आली. रवी आणि साजिद कसला तरी बारीक सुटा भाग आणायला बीडला गेले, आणि ते गेल्यावर थोड्याच वेळात गावाच्या विजेची डीपी मोठा आवाज करून जळाली. आता उद्यापर्यंत लाईट नाही, असं अप्पा पेपरने वारा घेत म्हणाले. दुपारपर्यंत बाटल्या कोमट झाल्या, फ्रीजच्या तळाशी पाणी साचलं. महादेवीच्या डोळ्यांपुढे तो डबा नाचू लागला. उन्हाळ्यात दूधसुद्धा तग धरत नाही, मग हे कसं धरेल? साजिदच्या आईकडे, जाहेदाबीकडे देऊन टाकावा म्हणून ती परसाच्या भिंतीशी गेली, तर पलीकडे कुलूप. जाहेदाबी लेकीकडे वडवणीला गेलेली, संध्याकाळी येणार.

सडलं तर सडू दे, असं तिने स्वतःला बजावून बघितलं. सडलं तर रवीचं यंत्र अडतं, आणि यंत्र अडलं तर आपलं पुणं टळतं. सगळं सरळ होतं. पण बाटल्यांच्या मागे हात घालताना पोराचा हात कसा घुटमळत होता ते तिने आदल्या दिवशी बघितलं होतं. ज्याला अंड्याच्या टरफलाची शिसारी, तो कुणासाठी हे घरात आणून बसला होता? ती स्वतःवरच चिडली आणि डबा घेऊन मोरीत गेली.

गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग तिने आधी पाठीमागे सरकवलं. ते काढून ठेवायचं नसतं, पण देवाने हे बघायलाच पाहिजे असंही कुठे सांगितलेलं नाही. मग नाकाला पदर लावून ती विचार करत उभी राहिली. टिकवायचं कसं? तिला टिकवायचं एकच शास्त्र येत होतं. कैरीच्या फोडी टिकतात त्या मिठात. हळदीचा डबाही तिने हातात घेतला होता, पण हळदीने रंग चढला असता आणि चोरी उघडी पडली असती. म्हणून नुसतं मीठ, आणि तेही सढळ हाताने. चमच्याने ते सगळीकडे लागेना, तेव्हा तिने डोळे मिटून बोटांनी चोळलं. हाताला ते घट्ट आणि गुळगुळीत लागलं. एवढंसं तर असतं, असं तिच्या मनात आलं, आणि आपलंही असंच असेल, या विचाराने तिला उगाच भरून आलं.

डबा तिने दुपारभर गार पाण्याच्या परातीत ठेवला, मधूनमधून वर खाली केला. पोरं यायच्या आधी सुटलेलं पाणी ओतून, सगळं पुसून, डबा होता तिथे ठेवून दिला. मग तिने डोक्यावरून अंघोळ केली. एवढ्या संध्याकाळी कावून, असं अप्पांनी विचारलं. उकाडा, म्हणाली ती.

सोमवारी अप्पा पहिल्या गाडीने कपिलधारला गेले आणि पोरांनी मागच्या गोदामात दुकान मांडलं. लाईट अजून नव्हती, पण यंत्र साजिदच्या बॅटरीवर चालत होतं. महादेवी सूप घेऊन गोदामाच्या दाराबाहेर बसली. दाराला फट होती, आणि त्या फटीला डोळा लावण्याइतकी ती निर्लज्ज होती. आधी तिला दिसलं ते पातेलं. पुरणाचं, तिच्या माहेरचं, जाड बुडाचं. तिने ओठ चावला. मग तार पाण्यात गेली, आणि ती बझरची वाट बघत राहिली.

बझर वाजला नाही.

रवीने पुन्हा टेकवली. काटा जागचा हलला नाही. साजिदने बॅटरीच्या तारा तपासल्या, कालचा नवा भाग काढून जुना लावला, मग पुन्हा नवा लावला. वीज पाण्यातून जात होती तशीच मांसातूनही जात होती, जणू आत काही नव्हतंच. घामाने डबडबलेला रवी शेवटी शेंगांच्या पोत्याला टेकून बसला. साजिद त्याला म्हणाला, बे, एकदा पपईवर लावून बघ. पपईवर वाजून काय उपयोग, रवी म्हणाला, माणसाच्या छातीत पपई नसते. यंत्र खोटं आहे. उद्या डॉक्टरांना सांगून टाकतो आणि दुसरा प्रकल्प घेतो. मग तो म्हणाला, "आईला काय सांगू? ती येणारच न्हाई आता."

बाहेर महादेवीच्या हातातलं सूप थांबलं होतं. पाणी खारट, फोड अळणी. ते शब्द तिला आठवले आणि काय झालं ते तिला लख्ख कळलं. तिने फोड खारट करून ठेवली होती.

आधी तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगलं हलकं वाटलं. पुणं टळलं, नळी टळली, आणि तेही तिने काही न करता, म्हणजे जवळजवळ काही न करता. तोंड मिटून डाळ निवडत बसलं की झालं. अप्पांच्या घरातली बाई बोकडाच्या काळजाला मीठ चोळत बसली होती, हे कोणाला कळायचंही कारण नाही. आणि मग, बहुधा तिला अद्दल घडवायलाच, छातीतलं घोडं उधळलं. सूप खाली ठेवून तिने भिंत धरली. दाराच्या फटीतून पोर दिसत होतं, गुडघ्यांत डोकं घातलेलं, हाताला त्या मांसाचा वास लागलेला आणि तो धुवायचंही भान नसलेलं. तिला वाटलं, आत्ता इथेच आपलं काही झालं तर हा जन्मभर समजेल की याचं यंत्र खोटं होतं. तिने माठातलं पाणी तोंडावर मारलं, श्वास कोंडला, आणि घोडं थांबेपर्यंत तिचं ठरलेलंही होतं.

कबूल करायचं नाही. पण पोराला कळलं पाहिजे.

तिने कच्ची पपई चिरली. अर्ध्या फोडी तशाच ठेवल्या, अर्ध्यांना मीठ चोळून अप्पांच्या पाठातला एक अभंग म्हणत बसली, मग मोठा अभंग म्हणाली, आणि मीठ चांगलं मुरल्यावर ताट घेऊन दाराला पायाने धक्का दिला. आत एकच धांदल उडाली. रवीने पातेल्यावर गोणपाट टाकलं आणि साजिद थेट त्यावर हात ठेवून उभा राहिला. नाष्टा केला नाही तुम्ही, असं म्हणत महादेवी त्या गोणपाटाशेजारीच फतकल मारून बसली. कसला वास येतोय, असंही तिने विचारलं. बॅटरीचा, साजिद म्हणाला. बॅटरी फार दिवसांची दिसते, महादेवी म्हणाली.

मग तिने हट्ट धरला की तो शुक्रवारचा खेळ पुन्हा दाखव. रवीचं मन नव्हतं, पण तिला गोदामाबाहेर काढायचा दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या भांड्यात मिठाचं पाणी आलं. तिने आपल्या हाताने ताटातली अळणी फोड टाकली, बझर वाजला. ती काढून तिने दुसरी टाकली.

बझर गप्प.

रवीने तार पुन्हा टेकवली. मग त्याने फोड उचलून जिभेला लावली, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"आई, याला मीठ लावलंय?"

"पपईला मीठ लावतातच की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

रवीने साजिदकडे बघितलं, साजिदने गोणपाटाकडे. पुढच्या क्षणी दोघेही परसाच्या भिंतीवरून उड्या टाकून पलीकडे गेले होते, आणि ते कशाला गेले हे महादेवीच्या लगेच ध्यानात आलं. मांस धुतलं होतं जाहेदाबीने. पोरांना वाटलं असणार, मीठ तिनेच लावलं. जाहेदाबी नाही म्हणणार, आणि मग मीठ लावणारं राहतं कोण?

तीही भिंतीशी धावली. उडी मारण्याचं वय नव्हतं, म्हणून पाट्यावर चढून तिने नुसतं डोकं वर काढलं. जाहेदाबी ओट्यावर कांदे पसरत होती. दोघींच्या शेजाराला पंचवीस वर्षं झाली होती. जाहेदाबी ईदला शीरखुर्म्याचा कोरा शिधा पाठवी, शेवया, साखर, खारका सगळं न शिजवलेलं, आणि महादेवी तो आपल्या भांड्यात शिजवून तिच्यासमोर खाई. न बोलता सांभाळून घ्यायची सवय दोघींना होती. पोरं एकाच वेळी बोलत होती. खाला, तुम्ही धुताना मीठ लावलं का? जाहेदाबी नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पोरांच्या डोक्यावरून तिला भिंतीवरचं महादेवीचं तोंड दिसलं. ओलं, घामेजलेलं, आणि चोरी पकडल्यासारखं.

जाहेदाबीने कांदा खाली ठेवला. "हौ, मैंच लगाई," ती म्हणाली. "गोश्तकू नमक लगातेच हैं. मेरेकू क्या मालूम तुम्हारी मशीनकू फीका होना."

अम्मी, परवा तर तू म्हणालीस की सादं पाणी, असं साजिद म्हणू लागला. आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं वाक्य तिथेच राहिलं. दुसरं ताजं आण, तिने त्याला फर्मावलं, आणि या खेपेला कुणीही त्याला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. पोरं सायकल काढून पळाली.

मग जाहेदाबी भिंतीपाशी आली. आधी ती खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि महादेवीने पाट्यावर उभं राहून ते मुकाट ऐकून घेतलं. पदराला डोळे पुसून झाल्यावर जाहेदाबी म्हणाली, "भाभी, तुमच्यापायी पोरांसमोर झूट बोलले मी. आता फुकट जाऊ देऊ नका. पुण्याला जायाचं."

महादेवी म्हणाली, भ्या वाटतं गं. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकाला नव्हतं, डॉक्टरला तर नव्हतंच. जाहेदाबीने भिंतीवरचा तिचा हात धरला आणि तशीच उभी राहिली. हाताला कांद्याचा वास होता, आणि महादेवीला तो त्या घडीला बरा वाटला.

दुपारी गोदामात पुन्हा मांडामांड झाली. या खेपेला महादेवी फटीशी बसली नाही. ती अप्पांच्या जागी गल्ल्यावर बसली आणि गिऱ्हाईकाला गूळ जोखत होती तेव्हा आतून पहिला बझर वाजला. मग दुसरा. मग मध्येच शांतता, आणि साजिदची एक आरोळी, आणि मग इतके बझर की गिऱ्हाईकाने विचारलं, आत काय पाखरू पाळलंय का? पोरांचा खेळ हाय, असं म्हणून तिने गुळाचा एक खडा त्याला जास्तीचा दिला. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि गिऱ्हाईकासमोर दोन्ही करता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी रवी बॅग भरून दुकानात उभा राहिला. अप्पा गल्ल्यावर कपिलधारचा प्रसाद वाटत होते. महादेवीने धपाट्यांचं आणि शेंगाच्या चटणीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. पपईचे आकडे फार चांगले आले, असं तो फ्रीजकडे न बघता म्हणाला. तार टेकली की टेकल्याचं यंत्र सांगतं, आता शंका राहिली नाही. पुढचं बोलायला त्याला धीर होईना. आईने हे ऐकून नवा कोणता प्रश्न काढावा याची तो वाट बघत होता.

महादेवीने प्रश्न काढला नाही. डॉक्टरांना सांग, तारीख द्या म्हणावं, असं ती म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. ते पुरणाचं पातेलं जाहेदाबीला देऊन टाकलंय, ती म्हणाली, तुझ्या लग्नात नवं घेऊ. रवीच्या हातातलं गाठोडं खाली सरकलं.

"आई, तुला…"

"लई भ्या वाटतं मला," महादेवी म्हणाली. "पर येते. माझ्या काळजाला कुणी मीठ चोळलेलं न्हाई. तुझ्या तारेला बरोबर कळंल."

रवीने आधी फ्रीजकडे बघितलं, मग मिठाच्या पोत्याकडे, मग आईच्या बोटांकडे. तो म्हणाला, "म्हणजे मीठ…"

"कशाचं मीठ?" अप्पांनी गल्ल्यावरून मान वळवून विचारलं.

"पपईचं," मायलेक एकदमच म्हणाले.